अळू, कर्दळ आणि मोरीचं पाणी

शुक्रवार पेठेतल्या त्या घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा खोल्या वाटल्या गेल्या, भांडी वाटली गेली, सासूची बोरमाळसुद्धा दोरा तोडून दोघी जावांत वाटली गेली. पण मोरीचं पाणी काही कुणाला वाटता आलं नाही. दोन्ही घरांच्या मोऱ्या मागच्या परड्यात उघडत. दोन्हीचं पाणी एकाच पाटात पडे, आणि वीस फूट लांब नि सहा फूट रुंद अशा एका पट्टीतून वाहत कोपऱ्यातल्या गटारीला मिळे. त्या पट्टीत तानाबाईचं अळू होतं.

तानाबाई थोरली जाऊ. माहेर गगनबावड्याच्या वरच्या अंगाला, जिथं चार महिने घराच्या भिंतीसुद्धा ओल्या असतात. झाडापेक्षा झाडाखालच्या पाण्यावर तिचं लक्ष जास्त. अळवाचा देठ दोन बोटांत धरला की काल याला पाणी मिळालं की नाही हे ती न बघता सांगायची.

वाटणी करून दिली होती केरबातात्यांनी. तात्या चुलत सासरे, भावकीतले सगळ्यांत वडील. परड्याची पट्टी कुणाची, यावर दोघे भाऊ आणि दोघी जावा दिवसभर भांडल्या, तेव्हा तात्यांनी पान थुंकून एकच गोष्ट सांगितली होती.

"पट्टी सामाईक. पर पंचमीची भाजी जिच्या हातची, तिनं पट्टीत काय लावायचं ते ठरवायचं. पट्टीतलं भाजीत पडलं पायजे आणि भाजी सगळ्यांनी खाल्ली पायजे. ज्या वर्षी भाजी चुकंल त्या वर्षी पट्टी दुसरीची."

पंचमी म्हणजे ऋषिपंचमी. गणपती बसला की दुसऱ्या दिवशी येते. त्या दिवशी बायका बैलाच्या कष्टाचं खात नाहीत. नांगरलेल्या रानातलं काही चालत नाही. हातानं खणलेलं, हातानं लावलेलं, घराच्या मागं पिकलेलं तेवढंच चालतं. भावकीतल्या बायका आपापल्या परड्यातला भोपळा, मक्याची कणसं, दोडका घेऊन तानाबाईकडं येत. ती त्यात पट्टीतलं अळू घाली, तेलाची फोडणी न देता मोठ्या पातेल्यात शिजवी, आणि पंचवीस बायका वरीच्या भाताबरोबर ते खात. पहिला घास तात्यांचा. वाटणीनंतर नऊ वर्षं भाजी चुकली नव्हती, आणि नऊ वर्षं पट्टीत अळू आणि कडेचा चुका यांशिवाय काही उगवलं नव्हतं.

धाकटी जाऊ विजयमाला बिद्रीची. वडील साखर कारखान्यात कारकून होते आणि ती कारखान्याच्या कॉलनीत वाढली होती. तिथं दर क्वार्टरपुढं तिरक्या विटा चुना लावून उभ्या केलेल्या असत आणि विटांच्या मागं लाल-पिवळ्या कर्दळीची रांग. सासरी आली तर खिडकीतून काय दिसे? मोरीचा पाट आणि त्यावर डुलणारी हत्तीच्या कानाएवढी पानं. तिनं घरावर स्लॅब टाकला, मागच्या खोलीचा हॉल केला, त्याला मोठी काचेची खिडकी बसवली. खिडकीतून तेच दिसत राहिलं.

२००३ च्या ज्येष्ठात ती कर्दळीचे सात गड्डे घेऊन परड्यात आली. तानाबाई अळवाच्या बुडातलं गवत काढत बसली होती.

"आक्का, वरच्या कडंला चार कर्दळी लावतोय. तात्यांस्नी इचारलंय. कडंला लाव म्हणालेत."

"खायाची हाय?"

"बघायची हाय."

"मग कॅलेंडर टांग की भिंतीला. पाणी तरी लागायचं न्हाय."

"तुमच्या आळवाला कधी फूल आलंय का? पावणं येत्यात, खिडकीतनं बघत्यात, आणि म्हणत्यात, विजूबाई, मोरी तुंबलीय काय तुमची."

"तुझ्या पावण्यांस्नी वडी करून घातलीया मी. ताट चाटून गेल्यात."

"ताट चाटायला काय, उपाशी आलेलं काय बी चाटतंय."

विजयमालानं चार म्हणून सात लावल्या, आणि त्याही पट्टीच्या वरच्या टोकाला, पाणी जिथं आधी पोचतं तिथं.

खरं पाहिलं तर या दोन झाडांत भांडण लागावं असं फारसं काही नाही. दोन्ही कंदापासून येतात. दोन्हींना मोरीचं साबणाचं, राखेचं पाणी चालतं, नव्हे, तेच आवडतं. दोन्हींची पानं रुंद. एकदा लावली की वर्षानुवर्षं हलत नाहीत. वरचं वाळलं तरी खालचा डोळा जिवंत राहतो. अळू पान देतं आणि कर्दळ फूल देते, एवढाच फरक. पण फरक कुठं बघायचा हे झाड ठरवत नाही. तानाबाई म्हणे, "जे खायाला येत न्हाय त्येला माज्या पट्टीत जागा न्हाय." हे ती रोज म्हणे, मोठ्यानं म्हणे, भावकीतल्या बायका भेटल्या की हटकून म्हणे. विजयमाला म्हणे, "पोटापलीकडं ह्या बाईला काय दिसतच न्हाय."

श्रावणात पाऊस थांबला. नुसता थांबला नाही, तीन आठवडे आभाळ कोरडं राहिलं. पट्टीला मोरीच्या पाण्याशिवाय दुसरा आधार उरला नाही. आणि एका सकाळी तानाबाईला दिसलं, की पाटात कर्दळीच्या खालच्या अंगाला फरशीचा तुकडा आडवा उभा केलाय. पाणी कर्दळीच्या बुडात तुंबलंय, अळवाकडं धारसुद्धा येत नाही.

तिनं फरशी काढून फेकली. दुपारी फरशी पुन्हा जागेवर. संध्याकाळी तिनं काढली. सकाळी फरशीच्या जागी दोन विटा, आणि विटांना चुना.

"कुणी लावल्यात ह्या?" तानाबाईनं खिडकीखाली उभं राहून विचारलं.

विजयमाला आतून तांदूळ निवडत म्हणाली, "माज्या मोरीचं पाणी हाय. माज्या झाडास्नी देतोय."

"आणि माज्या मोरीचं?"

"तुमचं पाणी कुठलं नि माजं कुठलं, नाव लिवलंय व्हय त्यावर? वर माझं झाड हाय, आधी ते पितंय."

"आळू जळालंय, विजे."

"जळू द्या की. पंचमीला बघूया कुणाचा घसा कसा हाय त्यो."

हे शेवटचं वाक्य तानाबाईनं नीट ऐकलं. ती परत घरात आली आणि चुलीपाशी बसली. विजयमालाला कर्दळ फुलवायची नव्हती, किंवा नुसती कर्दळ फुलवायची नव्हती. अळवाला पाणी कमी पडलं की ते अंगात खाज धरतं, हे तिलाही माहीत होतं. तिला भाजी चुकवायची होती.

तानाबाईनं त्याच दिवशी दोन पानं खुडून चिंच घालून शिजवली आणि नवऱ्याला वाढली. कृष्णात गडी मुकाट खाणारा. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, त्यानं कधी मीठ कमी आहे असंही म्हटलं नव्हतं. त्यानं दोन घास घेतले, तिसऱ्याला हात थांबला, डोळ्यांत पाणी आलं.

"काय झालं?"

त्यानं गळ्यावरून हात फिरवला. "मुंग्या सोडल्यास काय भाजीत?"

तानाबाईनं दुपटीनं चिंच घालून पुन्हा शिजवलं. या वेळी स्वतः चाखलं. जीभ जाड झाली, घशात कुसं टोचल्यासारखं झालं. पंचमीला दहा दिवस होते. आता पाणी सोडलं तरी जुनी पानं सुधारायची नाहीत आणि नवी हाताएवढी व्हायची नाहीत. पंचवीस बायका, पहिला घास तात्यांचा. तात्यांना ठसका लागला की विजयमाला काय म्हणेल, कुठल्या सुरात म्हणेल, हे तिला आत्ताच ऐकू येत होतं. पुढच्या महिन्यात पट्टीत तिरक्या विटा लागतील आणि तिचं अळू उकिरड्यावर पडेल.

मंडईतून अळू आणावं, असं एकदा मनात आलं. पण ते नांगरलेल्या रानातलं. आणि तात्यांचा शब्द साफ होता: पट्टीतलंच पडलं पाहिजे. ती परड्यात जाऊन उभी राहिली. पट्टीत होतं काय? जळकं अळू, कडेला लावलेला मूठभर आंबट चुका. आणि वरच्या टोकाला चार फूट उंच, तुकतुकीत, लालभडक फुलं मिरवणाऱ्या सात कर्दळी. तिच्या मोरीच्या पाण्यावर फुगलेल्या.

बघता बघता तिला आई आठवली. माहेरी एका वर्षी पावसानं वाट पंधरा दिवस बंद झाली होती. घरातलं संपत आलं तेव्हा आईनं घरामागची कर्दळ उपटली होती. कोवळे कंद तेवढे घ्यायचे, गुलाबी खवली सोलायची, दोरे काढायचे, दोनदा उकळून दोन्ही वेळचं पाणी टाकून द्यायचं. मग तो कंद रताळ्याच्या भावकीतला लागतो. गोडी कमी, चिकटपणा जास्त.

तिनं त्या दुपारी कडेच्या कर्दळीच्या बुडात बोटं घालून एक कंद मोडून आणला. शिजवला, खाल्ला, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पोटाची वाट बघितली. पोटानं काही तक्रार केली नाही.

चतुर्थीच्या सकाळी सगळं घर गणपती आणायला कुंभार गल्लीला गेलं. विजयमाला नव्या साडीत, तिचा नवरा आकारामभावजी गणपतीचा पाट घेऊन, मागं पोरं. तानाबाई गुडघ्याचं निमित्त सांगून मागं राहिली. गल्लीतला हलगीचा आवाज लांब गेला तशी ती खुरपं घेऊन परड्यात उतरली.

आधी विटा काढल्या. पाणी खाली गेल्यावर माती मऊ झाली होती. एकेक कर्दळ हलक्या हातानं उकरून वर घेतली, कोवळे कंद विळ्यानं कापून घमेल्यात टाकले आणि झाड होतं तसं चिखलात उभं करून पायानं दाबून बसवलं. सात झाडं. प्रत्येकाला तिनं एक डोळा नि थोडी मुळं ठेवली. दया म्हणून नव्हे. हाताला सवय होती. अळू काढतानासुद्धा ती सगळं कधी काढत नसे. शेवटचं झाड बसवताना मागं कृष्णात उभा असलेला तिला दिसला. तो गणपतीला गेलाच नव्हता.

"काय करालीस?"

"भाजी काढतोय."

त्यानं घमेल्यात बघितलं, उभ्या कर्दळीकडं बघितलं. "विजू मारंल तुला."

"तुमी तोंड बंद ठेवलं तर न्हाय मारायची."

"माजं तोंड कवा उघडं असतंय," असं म्हणून तो आत गेला. तानाबाईनं विटा होत्या तशा लावल्या, चुन्याची बाजू वर करून.

पंचमीला बायका आल्या. पातेलं चुलीवर होतं. भोपळा, मका, दोडका ज्यांनी त्यांनी आणलेला. हिरवेपणाला पट्टीतला चुका. आणि दोनदा उकळलेले कंद, फोडी करून. पंगत विजयमालाच्या हॉलमध्ये बसली, कारण पंचवीस बायका मावतील अशी जागा तिथंच होती. ती खिडकीपाशी बसली होती. मागं काचेतून कर्दळी दिसत होत्या, फुलांनी लाल.

"काय फुललीया गं, विजू," तात्यांची बहीण बनाबाई म्हणाली. ती ऐंशीची, दात दोन, पण जीभ शाबूत. "हितं बसलं की बागंत बसल्यागत वाटतंय."

"आक्कांस्नी आवडत न्हाय," विजयमाला म्हणाली. "त्यांस्नी खायाला लागतंय सगळं."

तानाबाई वाढत होती. तात्यांच्या पानात तिनं दोन पळ्या जास्त वाढल्या.

तात्यांनी पहिला घास घेतला. विजयमालाचा हात भातात थांबला. ती तात्यांच्या गळ्याकडं बघत होती. तात्या चावत राहिले, गिळलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "मिरची जरा झोंबतीया. बाकी औंदा ब्येस झालीय. आणखी वाढ."

बायकांनी खायला सुरुवात केली. विजयमालानं एक घास घेतला आणि थांबली. दुसरा घेतला, पुन्हा थांबली. घशात काही होईना. तिनं फोड बोटांनी दाबून बघितली.

"आक्का, आळू हाय का ह्यात?"

"पट्टीतलं हाय."

"आळू इचारलं मी."

"पट्टीत उगवलेलं हाय. तात्यांचा शब्द पट्टीतलं म्हणून हाय. चव बिघडलीय?"

सगळ्यांनी विजयमालाकडं बघितलं. ती बोलणार काय? "न्हाय," ती म्हणाली.

"ह्यो कंद कसला गं?" बनाबाईनं विचारलं. "सुरण न्हवं, रताळं न्हवं. माज्या हिरड्यांस्नी लय सोसतोय."

"माज्या म्हायारी करत्यात," तानाबाई म्हणाली. "वाढू आणखी? विजे, तुला? तुझं पान रिकामं दिसतंय."

तिनं उत्तराची वाट न बघता वाढलं. विजयमालानं पान टाकलं नाही. पंचमीचं टाकत नाहीत. खिडकीला पाठ लावून तिनं शेवटची फोडसुद्धा खाल्ली. तानाबाईला स्वतःला त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतकं तिचं पोट आधीच भरलं होतं.

गौरी आल्या त्या दिवशी कर्दळींनी माना टाकल्या. आधी फुलं गळली, मग पानांच्या कडा वळल्या, आणि दुपारच्या उन्हात सातच्या सात आडव्या झाल्या. विजयमालानं एक झाड ओढलं, ते कसलाही विरोध न करता हातात आलं. बुडाला विळ्याचा सरळ घाव. ती तशीच उकिरड्यावर गेली, काठीनं उकरलं, आणि गुलाबी खवल्यांची ओंजळ सुपात घेऊन थेट तात्यांच्या ओसरीवर गेली. जाताना तानाबाईला हाक मारली, "आक्का, चला. तुमी बी लागताय तितं."

तानाबाई पदर खोचून निघाली. चोरी म्हणेल, शिव्या देईल, रडेल. त्या सगळ्याची उत्तरं तिच्याकडं तयार होती.

विजयमाला रडली नाही. तिनं सूप तात्यांपुढं ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "तात्या, पंचमीची भाजी औंदा कुणाच्या झाडाची झाली?"

तात्यांनी एक खवलं उचलून डोळ्याजवळ धरलं. मग तानाबाईकडं बघितलं. "आमी खाल्लं ते कर्दळ हुतं?"

खोटं बोलायला जागा होती. खवली तिनं सोलली हे कुणी पाहिलं नव्हतं, आणि ज्यानं पाहिलं होतं तो तोंड उघडणारा नव्हता. पण खोटं बोलायचं तर अळू होतं म्हणायला हवं, आणि अळू पट्टीत जसंच्या तसं जळून उभं होतं.

"व्हय," ती म्हणाली. "पाणी तोडलं हिनं माजं. आळू खाजरं झालं. मग जे पाणी प्यालं तेच शिजवलं."

"म्हंजे खायाला येतंय की कर्दळ," विजयमाला म्हणाली. "तुमीच तर म्हणत हुता आक्का, जे खायाला येत न्हाय त्येला जागा न्हाय. नऊ वरसं ऐकतोय मी."

तानाबाईनं खोचलेला पदर सोडला. तात्या तिच्याकडं बघत होते आणि त्यांच्या मिशीत काहीतरी हलत होतं. आतून बनाबाई ओरडली, "पुढच्या वर्षी बी तोच कंद घाला गं."

तात्यांनी तिथंच निकाल दिला. भाजी चुकली नाही, म्हणून पातेलं तानाबाईकडं. पण भाजी कर्दळीची झाली, म्हणून अर्धी पट्टी विजयमालाकडं. पाणी एक दिवसाआड: सोमवार, बुधवार, शुक्रवार अळवाला, मंगळवार, गुरुवार, शनिवार कर्दळीला. रविवारी वाटेल तिकडं जाऊ दे, पण विटा नकोत. पंचमीला दोन्ही पडायचं.

"आणि कर्दळी मेल्यात त्येचं काय?" विजयमालानं विचारलं.

"मेल्या न्हाईत," तानाबाई म्हणाली. "डोळं ठेवल्यात." हे तिच्या तोंडून निघून गेलं, आणि निघून गेल्यावर तिला स्वतःचाच राग आला. पंधरा दिवसांत सातही बुडांतून लाल कोंब वर आले.

त्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी कृष्णात मोरीत गेला तर बादली पालथी घातलेली. तानाबाई खांद्यावर टॉवेल टाकून, हातात तांब्या घेऊन दारात उभी.

"कुठं?"

"नदीला. अंघोळीला."

"मोरी काय झाली?"

"आज कर्दळीचा वार हाय. तुमी बी आज पुढच्या नळावर जावा. भांडी मी गटारीवर घासणार हाय. एक थेंब जाता कामा न्हाय तिकडं."

शुक्रवार पेठेतून पंचगंगा काही लांब नाही. घाटावरच्या बायका म्हणाल्या, तानाबाई, या वयात नेम धरलास, पुण्य हाय. ती हो म्हणाली.

बुधवार अळवाचा. तिनं घरी दोन बादल्या जास्त पाण्यानं अंघोळ केली, पायाचा घोटा घासून घासून लाल केला आणि पाटाकडं कान देऊन बसली. पाणी अर्ध्या धारेनंच जात होतं. पलीकडच्या मोरीतून काही आवाज नव्हता. तिनं मागच्या दारातून वाकून बघितलं. विजयमाला ओल्या केसांनी, खांद्यावर पिळलेली साडी टाकून नदीच्या बाजूनं गल्लीत शिरत होती.